गोड्याचं बेट

विद्याधरने टाकीच्या तोंडातून बांबूची पट्टी वर ओढली, ओल्या भागावर बोटं आडवी ठेवून मोजलं आणि म्हणाला, "साडेतीन बोटं."

"काल चार होती," मी म्हणाले.

"काल तू पायांवरून पाणी घेतलंस."

"एक पेला घेतला. एकच. मीठ चावतं पायांना, मी काय करू?"

आक्का शिडाच्या सावलीत अंड्यांची परडी घेऊन बसली होती. बोटीवर फ्रीज नव्हता. अंड्यांना तेल चोळून रोज एकदा उलटी ठेवली की ती महिनाभर टिकतात, हा शोध आम्हाला पहिल्याच महिन्यात लागला होता, आणि आक्का आल्यापासून ते काम तिने आपल्याकडे घेतलं होतं. हातातलं अंडं कानाशी हलवून बघत तिने मान वर केली.

"कितक्या उरला?" तिने विचारलं.

"आहे, आक्का. पुरेल," मी म्हणाले.

"माझा अर्धो पेलो कमी कर. माका तहान कमी."

तिला तहान कमी नव्हती. तिला आयुष्यात कुठलीच गोष्ट कमी लागत नव्हती, फक्त वाटणीच्या वेळी तिला सगळं कमी लागायचं. मला हे ठाऊक होतं आणि तरी मी तिचा अर्धा पेला कमी केला. ही गोष्ट दोन हजार तीन सालच्या फेब्रुवारीतली. आज मी सत्तर वर्षांची आहे, आणि त्या आठवड्यातला एकेक पेला मला आठवतो.

आमची बोट चौतीस फुटी, जुनी, शिडाची. विद्याधर जहाजांवर इंजिनियर होता. लवकर निवृत्ती घेऊन त्याने ती विकत घेतली आणि मलाही शाळेतल्या नोकरीचा राजीनामा द्यायला लावला. मालदीवच्या बाजूची बेटं एक हिवाळाभर हिंडायचं असा बेत होता. लोकांना वाटतं, निळं पाणी, पांढरी वाळू, मजा आहे बुवा. मजा होतीही. पण संडासाला हातपंप होता, आणि एकदा गेलं की तीस वेळा तो दांडा मारावा लागे. आक्का मोठ्याने आकडे मोजायची आणि एकोणतीसला थांबली की विद्याधर बाहेरून म्हणायचा, "एक राहिला, आक्का." पुठ्ठ्याचं खोकं बोटीवर आणायला बंदी, कारण त्यातून झुरळांची अंडी येतात. अंघोळ पोहऱ्याने समुद्राचं पाणी ओढून करायची. साध्या साबणाला त्यात फेस येत नाही, भांड्यांच्या पातळ साबणाला येतो, हाही एक शोध. भातात दोन भाग गोडं पाणी, एक भाग समुद्राचं घातलं की मीठ वेगळं लागत नाही, हा आक्काचा शोध. पहाटे डेकवर उडून पडलेले मासे गोळा करून ती तिरफळं घालून आमटी करायची. कोंब फुटलेल्या नारळाच्या पोटात जो मऊ गोड गोळा होतो तो तिने विद्याधरला पहिल्यांदा खायला घातला, तेव्हा माझा नवरा दोन दिवस नारळच फोडत बसला होता.

माझी बहीण आली ती हे सगळं बघायला नाही. ती एकाच कामासाठी आली होती.

आमचे बाबा, भिकाजी मयेकर, देवगडच्या एका मालवाहू गलबतावर तांडेल होते. गलबत त्यांच्या हुकमाने चालायचं. सत्तावन्न साली मंगळुराहून कौलं भरून निघालेलं त्यांचं गलबत वादळात सापडलं. डोलकाठी मोडली आणि वाऱ्याने ते दक्षिणेला वाहत गेलं. सोळा दिवसांनी एका निर्मनुष्य बेटाला लागलं. पाणी केव्हाच संपलं होतं. त्या बेटावर एक दगडी विहीर होती, तीन पायऱ्यांची, नारळ काढायला येणाऱ्या लोकांनी कधीतरी बांधलेली. तिचं पाणी गोड होतं, म्हणून खलाशांनी त्याला गोड्याचं बेट म्हटलं. बाकीचे वाचले. बाबांना ताप होता, ते चौथ्या दिवशी गेले. जाळायला सुकं लाकूड नव्हतं. विहिरीच्या उगवतीला खड्डा काढून त्यांना ठेवलं.

चार महिन्यांनी जानू घाडी नावाचा खलाशी परत आला आणि त्याने आमच्या अंगणात काठीने ते बेट काढून दाखवलं. ही खडकाची शेंडी, तिच्या आत वाळू, ही विहीर, हा तांडेल. आक्का तेव्हा अकरा वर्षांची, मी दीड. मला त्यातलं काही आठवण्याचा प्रश्नच नाही. आक्काने तो नकाशा पाठ केला.

मग तिची शाळा सुटली. ती काजूच्या कारखान्यात बसली. काजूच्या तेलाने तिच्या बोटांची टोकं काळी झाली ती पुढे कधी उजळली नाहीत. त्या बोटांनी तिने मला शिकवलं, मास्तरीण केलं, माझं लग्न लावून दिलं. तिचं लग्न झालं नाही. कुणी विचारलं तर म्हणायची, "इसारलंय."

आई एकच गोष्ट घोकायची. "सगळ्यांक पाणी मिळाला, फक्त तेका गेल्यार कोणी पाणी घातल्यान नाय." मरायच्या वर्षी तिने आमच्या घरच्या विहिरीचं पाणी तांब्याच्या गडूत भरलं, तोंडाला फडकं बांधलं आणि त्यावर राळ ओतली. होडीच्या फळ्यांच्या सांधीत भरतात ती राळ, तांडेलाच्या घरात ती असायचीच. राळ गरम असताना आईने त्यावर आपला अंगठा दाबला. तिला लिहिता येत नव्हतं. रेशनकार्डावर उठवायची तसा तिने तो गडूवर उठवला आणि आक्काच्या हातात दिला. घरचं पाणी बाबांच्या जागी घालायचं, आणि रिकाम्या गडूत त्यांच्या विहिरीचं पाणी भरून आणायचं. आक्काला जगात हवं असलेलं एवढंच.

आणि माझ्या नवऱ्याने बोट घेतली, त्याच समुद्रात न्यायला. आक्काला मी फोन केला तेव्हा तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "पासपोर्टाचो फोटो खय काढतत गो?"

विद्याधरने जानूच्या त्या अंगणातल्या नकाशावरून, एका बंदरातल्या म्हाताऱ्या कोळ्याला विचारून विचारून बेट शोधून काढलं होतं. समुद्राच्या नकाशावर त्याचं नाव लांबलचक होतं, माझ्या जिभेवर कधी बसलं नाही. आम्ही गोड्याचं बेटच म्हणायचो. आक्का आली, आम्ही निघालो, आणि मग रोज एक ना एक विघ्न. नांगराचा दोर खडकात अडकला, दोन दिवस गेले. इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याच्या पंपातली रबरी चकती फाटली, तीन दिवस गेले. वारा पडला, वारा उलटा लागला. पाऊस एक थेंब नाही. एकोणीस दिवस झाले आणि टाकीत साडेतीन बोटं पाणी उरलं. गोड्याचं बेट दक्षिणेला राहिलं होतं. पाणी मिळणारं बंदर उत्तरेला. आक्काचं परतीचं विमान पाच दिवसांवर आलं होतं.

त्या दुपारी आक्का खाली झोपली होती. विद्याधरने नकाशा मांडीवर पसरला.

"उद्या पहाटे सरळ दक्षिणेला निघू," तो म्हणाला. "पाणी तीन दिवसांचं आहे, काटकसर केली तर चार. तिथे विहीर आहे. नसली तरी वाटेत मच्छीमारांच्या होड्या भेटतात, एक कॅन कोणी नाही म्हणत नाही. परवा संध्याकाळी उलट फिरलो तरी आक्कांचं विमान मिळतं."

"काटकसर म्हणजे?"

"माणशी दोन पेले. तोंड धुवायलाही खारं."

माझ्या डोक्यात तेव्हा काय होतं ते सांगते, लपवून काय मिळणार आहे. माझ्या डोक्यात केस होते. एकोणीस दिवस खाऱ्या पाण्याने केस धुतलेले. कातडीला पुळ्या आल्या होत्या, उशीवर डोकं टेकवत नव्हतं. मानेवर घामोळं. उत्तरेच्या बंदरात एक छोटं अतिथीगृह होतं, तिथे बादलीने गोडं पाणी मिळतं हे मला माहीत होतं. मला दुसरं काही दिसत नव्हतं.

"मला नाही जमणार," मी म्हणाले.

"शालन, तीनच दिवस."

"तीन दिवस तू काढ. एक तास नाही काढणार मी आता. वेड लागेल मला. तुला टक्कल आहे, तुला काय कळणार?"

तो हसला नाही. नकाशाची घडी घालत म्हणाला, "ठीक आहे. मग आक्कांना सांग. उठल्या की स्पष्ट सांग, की या खेपेला जमत नाही. पुढच्या वर्षी परत येऊ."

"पुढच्या वर्षी कोण येतंय? ती अठ्ठावन्नाची होईल. आणि ती रडेल."

"रडू दे. खरं ऐकून रडतील."

मला तेही जमणार नव्हतं. आक्काच्या तोंडावर, ज्या बाईने माझ्यासाठी बोटं काळी करून घेतली तिच्या तोंडावर, माझं डोकं खाजतंय म्हणून बाबांकडे जायचं नाही, असं कुठल्या तोंडाने सांगणार? मग मला ते सुचलं. सुचलं म्हणजे काय, जिभेवर आलं आणि बोलूनही झालं.

"उत्तरेच्या वाटेवर ते छोटं बेट लागतं ना, येताना बघितलेलं? कोणी राहत नाही ते? तेच दाखवू तिला."

विद्याधरला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा तो माझ्याकडे असा बघत राहिला की मी नजर काढून घेतली.

"हे बरं नाही, शालन."

"काय फरक आहे? वाळू तीच, माड तेच. पन्नास वर्षांत तिथे तरी काय उरलंय? तिच्या मनाला समाधान मिळाल्याशी कारण."

"मी खोटं बोलणार नाही."

"तू नकोच बोलू. तू बोट चालव."

त्याने पट्टी पुसून जागेवर लावली आणि तो इंजिनात काहीतरी बघायला गेला. नाही म्हणाला असता तर बरं झालं असतं, असं मी पुढे कितीदा म्हटलंय. पण ते म्हणणं म्हणजे माझं पाप त्याच्या गळ्यात मारणं झालं.

पहाटे आम्ही नांगर उचलला. मी आक्काला म्हटलं, "आज पोचतोय हो आपण. वारा चांगला लागलाय."

तिने नवी नसली तरी इस्त्रीची लुगडी एका पिशवीत वेगळी ठेवली होती, त्यातलं हिरवं नेसली. गडू एका पिशवीत होता, आईच्या जुन्या लुगड्याची शिवलेली. तो मांडीत घेऊन ती मागच्या बाकावर, पुढे तोंड करून बसली. पुडीत काळे तीळ, देवगडहून आणलेली सुकी झेंडूची फुलं. सूर्य वर आला.

थोड्या वेळाने तिने पदर डोक्यावरून पुढे ओढून घेतला.

"ऊन उजव्या गालार लागता," ती म्हणाली.

"या बाजूला ये ना मग," मी म्हणाले.

"असू दे."

मी तिच्याशी बोलत राहिले. भीती वाटली की मी बडबडते, शाळेतही तसंच. बाबा कसे दिसायचे, जानू घाडीचं पुढे काय झालं, काहीबाही विचारत होते. ती एरवी बाबांबद्दल विचारलं की खुलायची. त्या दिवशी हो-नाही एवढंच बोलली. मला वाटलं, मन भरून आलंय तिचं. विद्याधर सुकाणू धरून समोर बघत होता. त्याने आमच्याकडे मान वळवली नाही.

दहाच्या सुमारास ते बेट आलं. पांढरी वाळू, पन्नासेक माड, मध्ये झुडपं. चालत फेरी मारायला अर्धा तास लागावा एवढंसं.

"ह्याच काय गो ता?" आक्काने विचारलं.

"हेच," मी म्हणाले.

"खडकाची शेंडी दिसना नाय."

"पन्नास वर्षं झाली, आक्का. समुद्राने खाल्ली असेल."

तिने माझ्याकडे बघितलं. फार वेळ नाही. मग मान हलवली.

"आसात," ती म्हणाली. "समुद्र काय खायत, सांगाक येणा नाय."

छोट्या होडीतून आम्ही किनाऱ्याला गेलो. विद्याधरने तिला हात देऊन उतरवलं आणि हात सोडताना तो काहीतरी बोलणार असं मला वाटलं. माझा जीव टांगणीला लागला. तो बोलला नाही. मी आक्काबरोबर निघाले तर तिने मला थांबवलं.

"तुमी दोघां हयच बसा. मी एकटी जातंय."

"एकटी कशी? पाय मुरगळला तर?"

"बापाशीकडे जाताना पाय मुरगळणा नाय," ती म्हणाली आणि पिशवी छातीशी धरून, चपला हातात घेऊन, किनाऱ्याने चालत गेली. उगवतीच्या बाजूला वळली आणि दिसेनाशी झाली.

दीड तास ती आली नाही. आम्ही दोघं एका माडाखाली बसलो. विद्याधर पायाने वाळूत खड्डा करत होता. मी म्हटलं, "बघितलंस, किती शांत वाटत होती." तो म्हणाला, "हूं." मी म्हटलं, "तू आता तोंड असं करून बसू नकोस, तिला संशय येईल." तो उठून होडी धुवायला गेला.

ती आली तेव्हा हिरवं लुगडं गुडघ्यापर्यंत भिजलेलं होतं. डोळे लाल होते, पण चेहरा पुसलेला, स्वच्छ. पिशवी तशीच छातीशी.

"मिळाली?" मी धावलेच. खरंच धावले. मला काय ऐकायचं होतं मला ठाऊक नव्हतं.

"दगड ढासळलेत," ती म्हणाली. "पण झाला."

"पाणी घातलंस बाबांना?"

"बाबाशी बोललंय."

"आणि विहिरीचं भरून घेतलंस?"

तिने पिशवी जराशी वर उचलली. आत गडू भरलेला होता, पाणी हललेलं मला ऐकू आलं.

"गोड आहे?"

"गोड असा गो," आक्का म्हणाली.

विद्याधर होडीतून उतरला. "मग मी कॅन आणतो," तो म्हणाला. "दोन-चार कॅन भरून घेऊ."

"नको, विद्याधरराव," त्याच्याशी ती नेहमीसारखी पुस्तकी मराठीत बोलली. "ओंजळभरच होतं. भरती चढायला लागली, आता झाकलं असेल."

तो कॅन हातात घेऊन तसाच उभा राहिला. त्याने तिच्याकडे बघितलं, तिने त्याच्याकडे. मग त्याने कॅन होडीत ठेवला आणि तिला बसायला हात दिला.

आणि मला काय वाटलं? सांगायची लाज वाटते. मला हायसं वाटलं. इथेही एखादी जुनी विहीर निघावी, म्हणजे देवानेच माझी बाजू सावरली, असं वाटलं. बोटीवर परतताना मी एक गाणंही गुणगुणत होते.

संध्याकाळी आम्ही बंदराला लागलो. अतिथीगृहाच्या मागच्या अंगणात नळ होता आणि दोन प्लास्टिकच्या बादल्या. मी केस सोडून खाली बसले. आक्का आली, पदर खोचला, लोटा हातात घेतला.

"तू कशाला? मी घेते ना," मी म्हटलं.

"गप बस."

लहानपणी ती दर रविवारी मला न्हाऊ घालायची, विहिरीच्या कट्ट्यावर. तसंच तिने माझं डोकं खाली दाबलं आणि पाणी घातलं. तिच्या त्या खरखरीत बोटांनी पुळ्या न दुखवता सगळं मीठ काढलं. तीन बादल्या लागल्या. मधे एकदा तिचा हात थांबला.

"केवढ्या पुळ्या गो ह्या," ती म्हणाली. "सांगलंस नाय ता."

"काय सांगायचं त्यात?"

शेवटचा लोटा घालून तिने माझे केस पिळले आणि पदराने पुसले.

"आता बरा वाटला?"

"हो," मी म्हणाले. "खूप."

पाचव्या दिवशी तिचं विमान सुटलं. पुढच्या वर्षी विद्याधरच्या गुडघ्याचं दुखणं निघालं, बोट विकली. त्या समुद्रात आम्ही परत गेलो नाही. आक्काने त्या बेटाचं नाव पुन्हा काढलं नाही. गावात कोणी विचारलं तर म्हणायची, "शालूने नेल्यान माका. बहिणीने एवढा कोण करता?" मी समोर असले तर मला उठून आत जावं लागायचं. तरी सवय होते. दहा-बारा वर्षांत मला ते बेट खरंच गोड्याचं बेट वाटायला लागलं होतं. गडू देवांच्या मागे, पिशवीतच असायचा. रोज दिवा लावताना ती पिशवीलाही हळद-कुंकू लावायची.

दोन हजार एकोणीसच्या मार्गशीर्षात आक्का गेली. मी शेवटचे बारा दिवस तिच्याजवळ होते. अकराव्या दिवशी तिला घोट गिळवेना. शेजारची बाई म्हणाली, तोंडात पाणी घाला. मला वाटलं, हीच वेळ. मी देवघरातून पिशवी आणली आणि नाडी सोडायला लागले.

आक्काने डोळे उघडले. तिचा हात माझ्या मनगटावर आला. त्या अवस्थेत एवढी ताकद कुठून आली कोण जाणे.

"तो नको गो," ती म्हणाली. "ठेव तसोच."

"बाबांच्या विहिरीचं आहे, आक्का. तूच आणलेलं."

"ठेव," ती म्हणाली.

मी ठेवला. घरच्या विहिरीचं पाणी चमच्याने घातलं. ते तिने गिळलं.

तेरावा झाला. पाहुणे गेले. विद्याधर ओट्यावर पेपर वाचत होता. मी देवघर आवरायला घेतलं. पिशवी काढली आणि वाटलं, आयुष्यात एकदा आपणही ते पाणी चाखावं. आक्कानं चाखलं, मी कधी मागितलंच नाही. मी नाडी सोडली आणि गडू बाहेर काढला.

तोंडाला फडकं होतं. फडक्यावर राळ होती, काळी पडलेली, कडक, कुठेही तडा न गेलेली. आणि राळेवर आईचा अंगठा होता. रेघ अन् रेघ. अंगठ्याच्या मध्यावर विळ्याने कापल्याचा जुना व्रण होता तिच्या, तोही.

मी तिथेच बसले. गडू कानाशी धरून हलवला. पाणी हललं. आमच्याच विहिरीचं, आईने भरलेलं. गोड असा गो.

त्या दिवशी सकाळी ती पुढे तोंड करून बसली होती आणि ऊन तिच्या उजव्या गालावर येत होतं. दक्षिणेला चाललो असतो तर डाव्यावर आलं असतं. तांडेलाची मुलगी ती, अकरा वर्षांची असताना बेट पाठ केलेली. तिला शेंडी दिसायची वाटही बघावी लागली नव्हती. नांगर उचलल्यावर तासाभरात तिला कळलं होतं. आणि तिने पदर पुढे ओढून घेतला आणि "असू दे" म्हणाली.

मग दीड तास ती तिथे काय करत होती? गुडघाभर पाण्यात उभी राहून, दक्षिणेला तोंड करून, बाबांशी बोलली असेल. आज नाही जमलं म्हणाली असेल. माझ्याबद्दल काय म्हणाली असेल ते मला माहीत आहे. तक्रार तर केली नसेलच. पण गडूची राळ फोडून ते पाणी भलत्या वाळूत ओतायला तिचा हात धजला नाही. खोटं तिने माझ्यासाठी सोळा वर्षं बोलून दाखवलं. बाबांशी मात्र खोटं बोलली नाही.

मी गडू घेऊन ओट्यावर गेले. विद्याधरने पेपर खाली केला. त्याने राळ बघितली, अंगठा बघितला. त्याला काही विचारावं लागलं नाही.

"तुला कळलं होतं," मी म्हणाले. "त्या दिवशीच."

"गडू बाहेर काढल्याशिवाय पाणी कसं घालणार? पिशवीच्या नाडीची गाठ बोटीवर होती तशीच होती," तो म्हणाला. "त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी काय बोलणार होतो?"

मी त्याच्या शेजारी बसले. समोर समुद्र होता, देवगडचा, आपला.

"त्या पहाटे नांगर उचलला तिथून किती लांब होतं रे?" मी विचारलं. "खरं बेट."

त्याला आठवावं लागलं नाही.

"चाळीस मैल," तो म्हणाला. "पहाटे निघालो असतो तर उजेडात पोचलो असतो."

मी गडू पिशवीत घातला, नाडीची गाठ मारली आणि आत जाऊन देवांच्या मागे होता तिथे ठेवला.